डॉक्टर हो म्हणाले होते, नाना

नाना, सगळे म्हणतायत की मी तुम्हाला वाचवलं.

चिंचवडहून फोन येतात, सिडनीहून येतात. इकडचं तिकडचं झालं की गाडी तिथेच येते. बरं झालं मेधा, तू त्यांचं ते ट्रॅक्टर चालवणं वेळेवर बंद केलंस. त्यावर बसलेले असताना झालं असतं तर? बर्फात पडून राहिले असते. त्यापेक्षा घरात, खुर्चीत, हातात चहाचा कप असताना गेले, हे बरं. सिडनीतल्या टूनगॅबीच्या सुषमामावशी तर म्हणाल्या, "सून असावी तर अशी. वेळ पडली की कठोर होणारी." मी "हो" म्हणते, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करते आणि फोन ठेवते.

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. मी नर्स आहे. त्या सकाळी जे करायचं असतं ते मी केलं, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत करत राहिले. त्याबद्दल मला रुखरुख नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि कोणालाही काही करता आलं नसतं. रुखरुख दुसरीच आहे, पावणेदोन वर्षांपूर्वीची. नितीनला ती मी तेराव्याच्या दिवशी सांगितली. तुम्हाला सांगायची राहिली, म्हणून हे लिहिते आहे.

आई गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा आम्हीच इथे नवे होतो. नितीनला वीजप्रकल्पावर काम मिळालं म्हणून टूनगॅबीचं घर सोडून डोंगरावरच्या ह्या दोनशे घरांच्या गावात आलो. त्याचे चार दिवस साइटवर, तीन दिवस घरी. मी खालच्या गावातल्या हॉस्पिटलात. आमची मुलगी सई युनिव्हर्सिटीसाठी सिडनीतच राहिली. घरात दिवसभर तुम्ही आणि खिडकी. पहिले तीन महिने तुम्ही त्या खिडकीत बसून काढलेत. कंटाळा आला का विचारलं की म्हणायचात, "नाही, सगळं ठीक चाललंय. माझ्यावाचून चाललंय, एवढंच." मी तुमच्यापुढे फरसबी आणून ठेवली. तुम्ही सगळ्या शेंगा एका मापाच्या कापून दिल्यात. पट्टी लावून बघितलं असतं तरी चूक निघाली नसती. अडतीस वर्षं कारखान्यात सेटर होता तुम्ही, मशीन लावून देणारा माणूस. हाताला ती सवय होती आणि इथे लावायला काही नव्हतं.

मग शेजारच्या डॉटला तिच्या शेडमधली शिडी हवी होती. शिडी निघाली ताडपत्रीखालून, आणि शिडीबरोबर ट्रॅक्टर निघाला. डॉटच्या नवऱ्याचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. बागेत गवत कापायला वापरतात तसला छोटा ट्रॅक्टर, नितीनपेक्षा वयानं मोठा, मूळचा लाल आणि आता जुन्या विटेच्या रंगाचा.

"भंगार आहे, नाना," डॉट म्हणाली. "कचरा डेपोवालेसुद्धा घेणार नाहीत."

तुम्ही बॉनेट उघडलंत. आत उंदरांनी घर केलेलं होतं. तुम्ही हातानं पुली फिरवून बघितली, कान लावलात आणि म्हणालात, "मॅडम, इंजिन गुड. ओन्ली स्लीपिंग."

ऐंशीच्या घरातली ती बाई तुमच्याकडे बघतच राहिली. संध्याकाळी मला कुंपणावरून म्हणाली (ती सगळ्यांना लव्हच म्हणते), "लव्ह, तुझ्या सासऱ्यांना तो घेऊन जाऊ दे. कोणीतरी त्याच्याशी एवढं चांगलं बोललेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

बर्फासाठी तो कसा तयार करायचा हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही. चिंचवडला बर्फ फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर बघितलेला माणूस. पण इथला प्रश्न तुम्ही आठ दिवसांत समजून घेतलात. गावचा रस्ता मोठी गाडी येऊन साफ करते, आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी लोटून निघून जाते. हा बर्फ हलका नसतो. ओल्या वाळूसारखा जड. तो कमरेएवढा ढीग मी फावड्यानं उपसायचे आणि मग चाळीस मीटर चढाचा ड्राइव्हवे. सहाला उठून आठला हॉस्पिटलात पोचायचे ती घामानं भिजलेली. हे तुम्ही खिडकीतून बघत होता.

तुम्ही माझ्या टूथब्रशनं कार्ब्युरेटर धुतलात. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तुझा जुना झाला होता." नव्हता झाला. नितीननं साइटवरच्या भंगारातून जाड पाइपचा तुकडा आणला. तो उभा चिरून तुम्ही त्याचं पातं केलंत, खाली कन्व्हेयर बेल्टच्या रबराची पट्टी बोल्टानं आवळलीत, म्हणजे खडी उखडणार नाही. पात्यामागे दोन स्प्रिंगा, म्हणजे दगड लागला की पातं मान टाकेल आणि पुन्हा उभं राहील. मागच्या चाकांना साखळ्या. सगळे बोल्ट इंचातले आणि पाने मिलिमीटरचे, त्यावर तुम्ही खूश. "सुतात मोजायला मिळालं किती वर्षांनी," म्हणालात.

चुकलात ते एकाच ठिकाणी. मागची चाकं जड व्हावीत म्हणून तुम्ही टायरांत पाणी भरलंत. आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत सर्रास भरतात. पहिल्याच कडाक्याच्या थंडीत त्या पाण्याचा दगड झाला. सकाळी ट्रॅक्टर सुरू केलात तर एका बाजूनं धप्प, दुसऱ्या बाजूनं धप्प, लंगड्या म्हशीसारखा. डॉट कुंपण धरून हसत होती. "नाना, इथे टायरसुद्धा गोठतात!" तुम्ही अजिबात ओशाळला नाहीत. ऊन आल्यावर पाणी काढून टाकलंत, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते न गोठणारं मिश्रण आणायला मला पिटाळलंत आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या वहीत नोंद केलीत.

माझं खोबरेल गायब झालं तो किस्सा सईला अजून आवडतो.

"नाना, माझी तेलाची बाटली कुठंय?"

"पात्याला लावलं."

"पात्याला?"

"इथे ते गोठतंच. डोक्याला काय लावणार तू, ठोकळा? पात्याला चोळलं तर बर्फ चिकटत नाही. बघ ये."

बघायला गेले. खरंच चिकटत नव्हता. त्यानंतर वाण्याच्या यादीत खोबरेलाच्या दोन बाटल्या असायच्या, एक माझी आणि एक ट्रॅक्टरची. मोठी ट्रॅक्टरची.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा नितीन घरी होता. तो हातमोजे घालून ट्रॅक्टरकडे निघाला, तर तुम्ही आडवे उभे.

"सेटर कोण?"

"तुम्ही."

"मग?"

तुमच्या कारखान्यात नियम होता. मशीन ज्यानं लावलं, पहिला पीस त्यानं स्वतः काढायचा. तो तपासणीला दाखवायचा. पास झाला की मगच मशीन ऑपरेटरच्या हाती. साहेब आला तरी त्याला मध्ये हात घालू द्यायचा नाही. नितीन लहानपणापासून हे ऐकत आला होता. तो बाजूला झाला. तुम्ही कानटोपी, माझं जुनं पफर जॅकेट आणि गमबूट अशा अवतारात चढलात आणि सगळ्यात वरच्या टोकापासून सुरुवात केलीत. एक पट्टा सरळ खालपर्यंत. मग ट्रॅक्टर बंद करून हाक मारलीत, "डॉटबाई! इन्स्पेक्शन!"

डॉट काठी टेकत त्या पट्ट्यावरून वरपर्यंत चालली, वरून खाली आली, दोनदा काठीनं जमीन ठोकून बघितली आणि म्हणाली, "पास."

तुमचा चेहरा मी चिंचवडमध्येसुद्धा तसा बघितला नव्हता.

ते दोन हिवाळे तुमचे होते. आपला ड्राइव्हवे, डॉटचा, मग वरच्या गल्लीतल्या तीन घरांचा. लोक गाडीतून हात करायचे. पोस्टात गेले तर मला विचारायचे, तुम्हीच ना त्या ट्रॅक्टरवाल्या नानांच्या? मी फावडं विकत घेतलं होतं ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिलं. शिफ्टला मी कोरडी पोचायला लागले. ह्याबद्दल मी तुम्हाला कधी थँक यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत, ही सबब आहे. म्हणायला हवं होतं.

आता ती खंडेनवमी.

इथे ऋतू उलटे, त्यामुळे ती वसंतात येते. बर्फाचा मोसम संपलेला असतो, म्हणजे असायला हवा. तुम्ही आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुतलात, साखळ्या काढून, घासून, तेल लावून पाटावर मांडल्यात. शेजारी पाने, हातोडी, तुमचा व्हर्नियर. डॉटनं तिच्या अंगणातले डॅफोडिल दिले होते, त्यांचा हार बॉनेटवर. हळदकुंकू. सकाळी उठून बघतो तर सहा इंच बर्फ.

"नाना, मला शिफ्ट आहे."

"आज हत्यार हलवायचं नाही."

"सहा इंच आहे."

"मशीनला वर्षातून एक दिवस सुट्टी. कारखान्यात मालकाची ऑर्डर अडली तरी आम्ही बटण दाबलं नाही."

"मालकाला पेशंट नव्हते, नाना."

तुम्ही हसला नाहीत. मीही नाही. मी कोपऱ्यातलं फावडं काढलं, दोन चाकांपुरती वाट केली आणि जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "तुमच्या देवाला सांगा, पुढच्या वर्षी सुट्टी हवामान बघून घे." हे बोलायला नको होतं. त्यात विनोद नव्हता, राग होता, आणि तो तुम्हाला बरोबर ऐकू आला.

दिवसभर ऊन पडलं, बर्फ वितळला, रात्री गोठला. सकाळी ड्राइव्हवे म्हणजे काच झाली होती. मी चहा करत होते आणि ट्रॅक्टरचा आवाज आला. तुम्ही माझ्या आधी उठून, मला वाट करून द्यायला निघाला होता. घाईत. साखळ्या पाटावरच होत्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं. ट्रॅक्टर आडवा झाला आणि आडवाच घसरत खाली गेला, वीसेक मीटर, अगदी सावकाश. खालच्या युकॅलिप्टसला टेकला आणि थांबला. मी घरातल्या चपलांनी धावले, दोनदा पडले. तुम्ही सीटवर ताठ बसला होता. स्टिअरिंग दोन्ही हातांत. फोरमनला सांगावं तसं म्हणालात, "साखळ्या राहिल्या."

खरचटलंसुद्धा नव्हतं. पण स्टिअरिंग सोडल्यावर तुमचे हात थरथरत होते, आणि ते मी बघितलं. झाडाच्या पलीकडे काय आहे तेही बघितलं. पुरुषभर उंचीचा बांध आणि खाली रस्ता.

पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. आमच्याच हॉस्पिटलातले डॉक्टर, मी रोज ज्यांच्याबरोबर काम करते. त्यांनी तुमचं हृदय बघितलं, डोळे, तोल, पायांतली ताकद, सगळं. तुम्हाला त्यांचं भराभर बोललेलं इंग्रजी समजत नव्हतं. नाना, हॉस्पिटलात ह्यासाठी नियम आहे. पेशंटला भाषा येत नसेल तर बाहेरचा दुभाषी बोलवायचा, नातेवाइकाला मध्ये बसवायचं नाही. कारण नातेवाईक स्वतःच्या मनातलं सांगतो. हा नियम मीच इतर नर्सना शिकवते. त्या दिवशी दुभाषी मी होते.

डॉक्टर म्हणाले, "एकदम ठणठणीत आहेत. चालवू दे त्यांना. साखळ्या लावून, नुसत्या गोठलेल्या बर्फावर नाही, आणि आसपास कोणी असेल तेव्हा. अशा माणसाकडून हे काढून घेतलंस ना मेधा, तर तो ट्रॅक्टरपेक्षा जोरात घसरेल." आणि हसले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "काय म्हणतात?"

मी म्हणाले, "नाही म्हणतात. बंद करा म्हणतात."

परत निघालो तेव्हा गाडीत तुम्ही सीटबेल्ट लावलात. मग म्हणालात, "पण ते हसत होते."

"इथे लोक हसूनच नाही म्हणतात, नाना."

"असं होय," तुम्ही म्हणालात, आणि बाहेर बघत राहिलात.

एवढंच आहे. पावणेदोन वर्षं मी जे सांगू शकले नाही ते चार वाक्यांत संपतं.

पहिला आठवडा ती भीती होती. डोळे मिटले की मला तो ट्रॅक्टर सावकाश खाली जाताना दिसायचा. भीतीपोटी खोटं बोलले, हे मी समजू शकते. पण भीती महिन्याभरात उतरली. त्यानंतर उरली ती लाज. खरं सांगायचं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागणार होतं, तुमच्यासमोर, नितीनसमोर, आणि मी घरातली शहाणी, मेडिकलमधली. लाज भीतीपेक्षा जास्त टिकते. तिला रोज थोडं थोडं कारण मिळत राहतं.

गेल्या हिवाळ्यात नितीननं ट्रॅक्टर चालवला. पहिल्या बर्फाला त्यानं तुम्हाला हाक मारली, "नाना, पहिला पीस तरी?" तुम्ही म्हणालात, "आता मी सेटर नाही. प्रेक्षक." व्हरांड्यात हात मागे बांधून उभे राहिलात. तो पातं चुकीच्या कोनात धरत होता, मलासुद्धा कळत होतं. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. जो माणूस मला कणीक किती मळावी हे सांगायचा, तो गप्प राहिला. नितीन साइटवर असला की मी पुन्हा फावडं घ्यायचे आणि तुम्ही खिडकीतून उठून आत जायचात.

त्या हिवाळ्यात तुम्ही रोज दाढी करणं सोडलंत. दुपारी झोपायला लागलात. वहीत नोंदी थांबल्या. पेशंटमध्ये असं दिसलं तर मी चार्टवर लिहिते, डॉक्टरांना सांगते, पाठपुरावा करते. घरात बघत राहिले.

ह्या मे महिन्यात तुम्ही स्वतःहून विषय काढलात. "मेधा, डॉक्टरांना परत विचार. वर्ष होऊन गेलं. काही बदललं असेल."

"विचारते."

गुरुवारी माझा डॉक्टरांबरोबर राउंड असतो, हे तुम्हाला पाठ होतं. गुरुवारी संध्याकाळी मी बूट काढेपर्यंत तुम्ही दारात. "विचारलंस?" एकदा मी म्हणाले, ते रजेवर आहेत. एकदा म्हणाले, घाईत होते. एकदा म्हणाले, विसरले, आणि तुम्ही म्हणालात, "तू विसरत नाहीस कधी." चौथ्या गुरुवारी तुम्ही काही विचारलं नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेतलीत आणि ओट्यावर ठेवलीत.

मला खरं तर काहीच विचारायचं नव्हतं. फक्त "हो म्हणाले" एवढं म्हणायचं होतं. पहिलं खोटं तसंच गाडलं गेलं असतं आणि तुम्हाला ट्रॅक्टर मिळाला असता. मी तसं ठरवलंही होतं. पहिला बर्फ पडला की सांगू. आधी सांगितलं तर उगाच महिनाभर तयारीत दमतील, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. तुम्ही गेलात त्यानंतर तेरा दिवसांनी पहिला बर्फ पडला.

तुमच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी मी कामावर गेले होते. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "गेल्या वर्षी भरपूर फिरले असतील ना ट्रॅक्टरवर?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगला माणूस आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही.

मग मी नितीनला सांगितलं. तेरावा आटोपला होता, गुरुजींचा व्हिडिओ कॉल बंद झाला होता, तो भांडी घासत होता. त्यानं नळ बंद केला.

"मला सांगितलं असतंस तर मी त्यांच्याबरोबर उभा राहिलो असतो."

"माहीत आहे."

"आणि ट्रॅक्टरवर असताना काही झालं असतं, तर मी तुला माफ केलं नसतं."

"म्हणजे कुठल्याच बाजूनं नाही."

"कुठल्याच बाजूनं नाही," तो म्हणाला. नळ पुन्हा सुरू केला. दोन ताटं घासून झाल्यावर म्हणाला, "उभी काय राहिलीस? पुसायला घे."

तुमच्या मुलाचा स्वभाव तुमच्यावर गेलाय.

लोक म्हणतात तसं तुमच्या मरणानं मी बरोबर ठरले, हे मला मान्य नाही. रक्तवाहिनी फुटायची ती खुर्चीत फुटली. ट्रॅक्टरचा त्यात संबंध नव्हता. मी वाचवला तो एक हिवाळा, आणि तो तुम्ही खिडकीत घालवलात. पण खरं सांगू? पुन्हा तो बांध बघितला, पुन्हा तुमचे थरथरणारे हात बघितले, तर मी पुन्हा तेच म्हणेन अशी मला शंका आहे. म्हणून माफी मागायला जीभ रेटत नाही. जे पुन्हा करीन त्याची माफी कशी मागायची? आपलं हे भांडण झालं असतं तर तुम्ही मला ह्याच मुद्द्यावर पकडलं असतं. भांडायला हवं होतं. तुम्ही जिंकला असता तर मी साखळ्या तपासत तुमच्या मागे उभी राहिले असते. ते भांडण मी तुम्हाला करूच दिलं नाही. त्याचं मात्र वाईट वाटतं, आणि त्याला "पण" नाही.

रविवारी सकाळी बर्फ पडला. नितीन साइटवर. मला दुपारची शिफ्ट. मी फावडं घेतलं, ड्राइव्हवेच्या तोंडाशी गेले, तो ढीग बघितला आणि फावडं तिथेच रोवून गॅरेजमध्ये आले.

ताडपत्री काढली. नाना, तुम्ही सगळं करून ठेवलं होतं. नवं ऑइल. साखळ्या चढवलेल्या, दोन्ही बाजूंना सारख्या ताणाच्या. पात्याची रबरपट्टी उलटी करून लावलेली, न झिजलेली कड खाली. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन. मे महिन्यात मी कामावर असताना केव्हातरी, हळूहळू, एकट्यानं. मी चढून बसले आणि क्लचवर पाय ठेवायला गेले, तर पाय पोचेना.

गेल्या हिवाळ्यात सीट नितीनच्या मापाची होती, पुढे. तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा उंच. सीट तुम्ही मागे नेली होती, शेवटच्या भोकांपर्यंत, तुमच्या स्वतःच्या मापावर. बोल्टाभोवती पत्रा नुकताच खरवडलेला दिसत होता.

मी विचारीन आणि ते हो म्हणतील, ह्याची तुम्हाला खात्री होती. किंवा डॉक्टरांचं ते हसू तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी कधी कबूल होते ह्याची तुम्ही वाट बघत होता. ह्यातलं कुठलं, ते मला आता कळणार नाही. दोन्हींचा अर्थ एकच. पहिल्या बर्फाला त्या सीटवर तुम्ही बसणार होता.

पाना हातात घेऊन मी थोडा वेळ उलट्या बादलीवर बसले. बोल्ट काढायला हात होईना. मग घड्याळ बघितलं. चारही बोल्ट काढले, सीट पुढे ओढली, सगळ्यात पुढच्या भोकांत बसवली, आवळली. दहा मिनिटांचं काम होतं. ट्रॅक्टर दुसऱ्या झटक्यात सुरू झाला.

मी खालून सुरुवात केली. ढिगाशी झुंजत होते तेव्हा डॉट गाऊनवर कोट घालून कुंपणाशी आली आणि इंजिनच्या वरताण ओरडली, "अगं, वरून घे! तो नेहमी वरून घ्यायचा!" मी वर गेले, वरून घेतलं. वाकडं आलं, दोन ठिकाणी खडी उखडली, युकॅलिप्टसजवळ मी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. तरी खालपर्यंत गेले. मग डॉटचा ड्राइव्हवेही केला. ती म्हणाली, "यू राइट, लव्ह?" ठीक आहेस ना, असं. मी म्हणाले, "नो वरीज." मग ती आत गेली आणि मी शिफ्टला.

आज सुट्टी होती. ट्रॅक्टर धुऊन आत लावला. आठवडाभर अजून पडणार म्हणतात. नितीन चालवेल तेव्हा त्याच्या मापानं सीट एक भोक मागे घेईल, माझी पाळी आली की मी पुढे घेईन. मागची भोकं आता कोणाच्याच मापाची नाहीत. त्यांत पाणी शिरून गंज धरेल, म्हणून मी ती ग्रीसनं भरून ठेवली आहेत.